डेअरीवाल्या काकूंची बिनदुधाची कॉफी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुधाचं दुकान आहे. त्याच्यावर पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. सगळे 'काकूंकडे' एवढंच म्हणतात. काकूंकडून दही आण, काकूंकडे लोणी आलंय का बघ. मी त्यांच्याहून चांगली दहा वर्षांनी मोठी, तरी मीही त्यांना काकूच म्हणते आणि त्या मला ताई म्हणतात. एकदा एका नवीन गिऱ्हाइकाने आमचं नातं काय म्हणून विचारलं, तर काकू कॅनचं झाकण लावत म्हणाल्या, "दुधाचं."

बुटक्या, रुंद, कोपरापर्यंत बाह्या सारलेल्या. भरलेले कॅन उचलून उचलून दंड एखाद्या हमालासारखे झालेले. दुकानाच्या संगमरवरी ओट्याला मधोमध एक खोलगट भाग आहे, लोकांची भांडी वर्षानुवर्षं तिथेच टेकतात म्हणून. त्याच्यामागे उभं राहून त्यांनी आयुष्य काढलं. कॅनचं झाकण उघडून नुसता वास घेतला की हे दूध दुपारपर्यंत टिकेल की नासेल, ते त्या सांगत. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे शटर वर गेलं होतं. मी थोडं रागावूनच म्हटलं, "अहो, एक दिवस तरी बंद ठेवायचं." त्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "गाईंना कोण सांगणार ताई, की आज दूध देऊ नका म्हणून?"

माणसावर जीव लावायचा म्हणजे त्याला दूध पाजायचं, एवढं एकच शास्त्र त्यांना येत होतं. कुणी आजारी पडलं की गरम दूध, कुणाकडे बाळ झालं की दूध. गल्लीत दोन घरांचं भांडण झालं तर दोन्ही घरी एकेक वाटी साय जायची. माझे यजमान शेवटच्या दुखण्यात काहीच खाईनात, तेव्हा रोज संध्याकाळी काकू एक झाकलेला पेला घेऊन जिना चढून यायच्या. ते दोन घोट घेत, तेही काकू समोर उभ्या असत म्हणून.

अशा बाईला नात झाली, आणि त्या नातीला दूध चालेना.

चालेना म्हणजे आवडेना असं नव्हे. थेंबभर पोटात गेलं तरी अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे, श्वास अडकायचा. डॉक्टरांनी दूध, दही, लोणी, सगळं बंद केलं. 'दुधापेक्षा दुधावरची साय जास्त' असं आपण नातवंडांबद्दल म्हणतो. काकू कपाळावर हात मारून म्हणायच्या, "माझ्या नशिबात साय आली ती अशी. दुधाला शिवतच नाही."

पण सुरुवातीला त्यांना ते पटतच नव्हतं. "दुधाने कुणाला होतं का काही? वासराला विचारा." पोर आठएक वर्षांची असताना सुट्टीला आली होती. गालात बिस्किटं साठवायची, म्हणून तिला सगळे खारूताई म्हणत, त्याचं पुढे नुसतं खारू झालं. जेवताना काकूंनी तिच्या कुस्करलेल्या बटाट्यात सुरीच्या टोकावर मावेल इतकं लोणी कालवलं. हळूहळू सवय होईल, अशी समजूत. थोड्याच वेळात पोरीला श्वास घेता येईना. सून घाबरून विचारत होती, "काय खाल्लं हिने? कुणी काय दिलं?" आणि काकू मोरीपाशी पाठमोऱ्या उभ्या राहून भांडं घासत होत्या. इस्पितळात डॉक्टरांनी सरळ त्यांच्याकडे बघून विचारलं, तेव्हा तोंडातून 'लोणी' बाहेर पडलं.

खारू वाचली. सुनेने एक शब्द वाकडा काढला नाही. पण त्यानंतर पोर आजीकडे राहायला म्हणून आली नाही. काकूच त्यांच्याकडे जायच्या, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, आणि तेही रिकाम्या हातांनी. मला म्हणायच्या, "ताई, तिथे गेल्यावर हात कुठे ठेवावेत तेच कळत नाही."

मध्ये बरीच वर्षं गेली. खारू सोळा पूर्ण झाली आणि तिला आमच्याकडच्या चित्रकलेच्या कॉलेजात जागा मिळाली. कॉलेज काकूंच्या दुकानापासून चालत जाण्यासारखं. आता पोरीने राहायचं कुठे? वसतिगृहात की आजीकडे? काकूंच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी दुकानातच दही घ्यायला उभी होते.

"आई, ती म्हणते एकदा येऊन बघते. मग ठरवू."

"अरे ये म्हणावं की! तिचीच तर खोली आहे वरची."

"खारू नाही गं. तुझी सून म्हणते."

काकूंनी फोन ठेवला आणि माझं दही दोनदा मोजलं.

त्याच आठवड्यात त्यांनी नातीला फोन करून विचारलं, की येशील तेव्हा काय करू तुझ्यासाठी? पोरगी म्हणाली, "काही नको गं आजी." मग जरा थांबून म्हणाली, "तुला ती गार कॉफी माहितीये? मिक्सरमधली, फेसाची, जाड? सगळ्या मैत्रिणी दुकानात बसून तीच पितात. हल्ली बिनदुधाची पण मिळते, पण भांडं एकच असतं ना सगळ्यांचं. आई नको म्हणते. मी आपली पाण्याची बाटली घेऊन बसते."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान मिटून काकू माझ्या दारात. "ताई, तुम्ही शिकलेल्या. दुधाशिवाय दूध कसं करतात?"

मी म्हटलं, "काकू, हे मला विचारताय? कसायाने शाकाहारी जेवण कसं करतात विचारावं, तसं झालं."

"हसा. पण शोधा."

शोधलं. माझ्या भाचीने फोनवर सगळं समजावलं. ओट भिजत न घालता गार पाण्यात फिरवायचे आणि गाळायचे, झालं दूध. काजूचं होतं, बदामाचं होतं, नारळाचं होतं. सुकामेवा खारूला चालत होता, ते सुनेला विचारून घेतलं. काकूंनी वरच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर रिकामं केलं. नवा मिक्सर, नवी भांडी, नवे पेले, बर्फाचा नवा ट्रे. दुकानातून वर येताना हात कोपरापर्यंत धुवायचे, कपडे बदलायचे, चप्पल जिन्याखाली ठेवायची. दुधाचा थेंब जिना चढणार नाही असा कायदाच झाला. स्वतःचा चहासुद्धा त्या खाली दुकानात पिऊ लागल्या.

आणि पहिल्याच दिवशी, ओटांचं सुंदर पांढरं दूध गाळून होताच, त्यांनी ते शेगडीवर तापायला ठेवलं.

मी पेले पुसत होते, माझं लक्ष नव्हतं. बघते तर पातेल्यात पोस्टर चिकटवायची खळ तयार झालेली. चमचा उभा राहत होता.

"अहो काकू! हे तापवायचं नसतं!"

"दूध आणि तापवायचं नाही?" त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मी त्यांना पोराला आंघोळ घालू नका असं सांगितलं. "कच्चं द्यायचं पोरीला?"

"हे गाईचं नाही. ओटाचं आहे."

"असेल. पण पांढरं आहे ना?"

हातांना सवय अशी की पुढच्या खेपेलाही पातेलं शेगडीकडे निघालं होतं. मी मधे उभी राहिले. मग बदामाचं केलं. ते गरम कॉफीत घातल्याबरोबर फाटलं. फाटलेलं दूध बघून काकूंचा चेहरा इतका पडला की मला वाटलं दुकानावर धाड पडली. नारळाचं उत्तम झालं. दाट, गोड. पण एक घोट घेऊन काकू म्हणाल्या, "छान आहे. केसांना लावू का?"

मग आम्ही शिकत गेलो. ओट फार फिरवले की दूध बुळबुळीत होतं, म्हणून मिक्सर जरासा फिरवून लगेच बंद करायचा. फडक्यातून आपसूक गळू द्यायचं, पिळायचं नाही. काकूंना ते फार जड गेलं, कारण शेवटचा थेंब फडक्यात सोडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. दाटपणासाठी भिजवलेले काजू थोडे वेगळे वाटून घालायचे. कॉफी कडक उकळून, साखर त्यातच विरघळवून, पूर्ण गार करून तिचेच खडे ट्रेमध्ये गोठवायचे. साधा बर्फ घातला तर शेवटचा अर्धा पेला पाणचट होतो. कॉफीचे खडे विरघळले तरी कॉफीच. ही युक्ती काकूंची. "दुधात पाणी घालणाऱ्यांशी जन्मभर भांडले," म्हणाल्या, "आता कॉफीत मीच घालू?" आणि शेवटी मिठाची एक कणी.

ज्या दिवशी जमलं त्या दिवशी आम्ही दोघी खिडकीत बसून प्यालो. फेस बोटभर उभा होता. काकूंनी पेला उजेडात धरला, वास घेतला, जिभेवर घोळवला, जसं त्या नव्या गवळ्याचं दूध पारखत तसं. मग म्हणाल्या, "गाय कुठली ते सांगता यायचं नाही. पण दूध चांगलं आहे."

फडक्याचं सांगायचं राहिलं. दुकानात गाळायला आणि दही टांगायला पांढरं तलम कापड लागतं. त्याचा तागाच काकू आणत आणि तुकडे कापत. वरच्यासाठी त्यांनी त्याच ताग्यातून कोरा तुकडा कापला आणि माझ्याकडे दिला, ओळखीसाठी काहीतरी शिवा म्हणून. मी मिशनच्या शाळेत असताना शिवणाच्या तासाला सिस्टर आमच्याकडून कोपऱ्यात फुली घालून घेत. टाका वाकडा आला तर उसवून पुन्हा. तशी हिरव्या दोऱ्याची फुली मी एका कोपऱ्यात घातली. हिरवी फुली म्हणजे वरचं, साधं म्हणजे खालचं.

ठरलेल्या रविवारी मायलेकी आल्या. मी आपली काकूंच्या आग्रहाने तिथे होते. काकू म्हणाल्या, "तुम्ही बसा. मला तोंड उघडायला सुचलं नाही तर तुम्ही इंग्रजीत काहीतरी बोला."

सून शांत बाई. विमा कचेरीत काम करते. तिचं बोलणं मवाळ आणि डोळे तपासनिसाचे. खांद्याला लहानशी बॅग होती. तिच्यात खारूचं इंजेक्शन असतं, ती बॅग ती खाली ठेवत नाही.

"आई, बघू का जरा?"

"बघ की. सगळं उघडून बघ."

तिने कपाटं उघडली. मिक्सरचं भांडं उलटं करून पात्याखालचं रबर नखाने तपासलं.

"नवीन आहे," काकू म्हणाल्या. "भांडं, पातं, रबर, सगळं. खालचा मिक्सर वर येत नाही, वरचा खाली जात नाही. दोघांची तोंडओळख नाही."

खारू हसली. उंच झाली होती पोर, बोटांना रंग लागलेले. गाल तेवढे जुनेच. सून हसली नाही, पण बॅगेचा पट्टा तिने जरासा सैल केला. ते मी पाहिलं.

मग काकूंनी कॉफी केली. ओटांचं दूध सकाळीच गाळून फ्रिजमध्ये ठेवलेलं होतं. खडे खडखडले, मिक्सर घरघरला, आणि उंच पेल्यात ती जाड, फिक्या बदामी रंगाची धार पडली. फेस काठाच्या वर आला, सांडला मात्र नाही.

"आजी! अगदी दुकानासारखी!" खारूने पेला दोन्ही हातांत धरला.

"दुकान माझंच आहे," काकू म्हणाल्या.

आणि सून, जी इतका वेळ उभीच होती, ती खुर्ची ओढून बसली. "मलाही द्या थोडी, आई."

या चार शब्दांसाठी त्या बाईने काय काय केलं होतं ते मला माहीत होतं. काकू दुसरा पेला घ्यायला मोरीकडे वळल्या. तिथे नळावर सकाळी गाळायला घेतलेलं ओलं फडकं वाळत घातलेलं होतं. मी बघत होते. त्यांनी फडक्याचा एक कोपरा उचलला. मग दुसरा. तिसरा. चौथा.

"ठेव!"

गल्लीच्या त्या टोकाच्या हातगाडीवाल्याला हाक मारायचा जो आवाज, त्या आवाजात. खारूचा पेला हनुवटीपाशी थबकला. काकू दोन पावलांत तिच्यापाशी पोचल्या, पेला काढून घेतला आणि मोरीत ओतला. मग भांड्यातली उरलेली ओतली. मग फ्रिज उघडून ओटांच्या दुधाची बाटली काढली आणि तीही ओतली. सगळं फेस होऊन नालीत गेलं.

मग सुनेकडे तोंड करून म्हणाल्या, "फडकं खालचं आहे. दह्याचं. सकाळी गर्दी होती, गच्चीवरून सगळी एकदम गोळा केली आणि हाताला आलं ते घेतलं. बघितलं नाही. माझी चूक आहे."

सून उठली. आधी तिने लेकीचा चेहरा उजेडाकडे वळवला, ओठ पाहिले, रुमाल भिजवून तिचं तोंड आणि बोटं पुसली.

"आई, मी घोटसुद्धा नाही घेतला. फेस पण नाही लागला."

"गप्प बस जरा."

आम्ही सगळ्याच बसून राहिलो. खाली कुणीतरी शटर वाजवून "काकू, दही!" म्हणून ओरडून गेलं. खारूला काही झालं नाही. काकू स्टुलावर बसल्या होत्या, हात मांडीवर उपडे. शेवटी त्याच बोलल्या.

"वसतिगृहच बरं. मी वाईट वाटून घेणार नाही. एवढं सगळं करून मी फडकं चुकले. उद्या आणखी काही चुकेन."

"चुकाल," सून म्हणाली. "मीही चुकते. गेल्या वर्षी मीच तिला चुकीचं बिस्किट दिलं होतं. पाकिटावर वाचलंच नाही. यांना अजून सांगितलेलं नाही, आता तुम्हीच सांगाल."

काकूंनी मान वर केली.

"आई, त्या वेळी डॉक्टरांनी विचारेपर्यंत तुम्ही भांडं घासत होतात," सून म्हणाली. "लोण्याचं मी कधीच विसरले. ते भांडं नाही विसरले. वसतिगृहात स्वयंपाकी चुकला तर तो येऊन मला सांगणार आहे का? आज मी विचारलंसुद्धा नव्हतं."

मी इंग्रजीत काहीतरी बोलायचं ठरलं होतं, ते काही सुचलं नाही.

"तागा कुठे आहे?" सुनेने विचारलं.

"कपाटात. वरच्या फळीवर."

"आणि हिरवा दोरा?"

दोरा माझ्या पिशवीत होता. सुनेने कोरा तुकडा कापला, मी फुली घातली. डोळ्यांना आता नीट दिसत नाही, टाका वाकडा आला. सिस्टर असत्या तर उसवायला लावला असता. मिक्सरचं भांडं सुनेने स्वतः साबणाने घासलं, रबर काढून वेगळं उकळलं, फ्रिज पुसला, मोरी धुतली. ट्रेमध्ये अर्धे खडे शिल्लक होते. पुन्हा ओट फिरवले आणि या खेपेला गाळायला सून उभी राहिली. फडक्यात गोळा उरला तशी तिने मूठ आवळली.

"पिळू नकोस!" काकू आणि मी एकदमच ओरडलो.

"का?"

"बुळबुळीत होतं," काकू म्हणाल्या. "सोडून द्यायचं तेवढं. मलाही जड जातं."

कॉफी झाली तोवर ऊन खिडकीतून उतरलं होतं. काकूंनी पेला आधी सुनेपुढे धरला. सुनेने तो उचलून लेकीला दिला. खारूने डोळे मिटून मोठा घोट घेतला, इतका मोठा की गाल फुगले. पेला खाली आला तेव्हा तिच्या वरच्या ओठावर फेसाची जाड मिशी होती.

गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या ओठावर काकूंनी ती मिशी पाहिली होती. माझ्या मुलांच्याही. त्यांनी पदर उचलला, तो खारूच्या ओठापर्यंत नेला, आणि पुसायच्या आधी क्षणभर तसाच धरून ठेवला.

खारू आता दुसऱ्या वर्षाला आहे. वरच्या खोलीत रंगांचा वास असतो. रविवारी मैत्रिणी येतात, आणि आता त्यांच्याच पाण्याच्या बाटल्या बाजूला पडून असतात. काकूंच्या दुकानात मात्र एक बदल झाला. दही टांगायला त्यांनी निळ्या चौकड्यांचं जाड कापड आणलं. त्यातून पाणी लवकर गळत नाही आणि दही सकाळऐवजी दुपारी तयार होतं. गिऱ्हाइकं कुरकुरतात. परवा मीही कुरकुरले, तर म्हणाल्या, "पांढरं कापड वर गेलं, ताई. घाई असेल तर दुसरं दुकान बघा."